म्यूट

आधी आवाज बंद करा, रेगे मॅडम म्हणाल्या,
आणि वर्गात प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर तेवढी उरली.
पडद्यावर केळीची बाग, धरणगावकडची असावी.
ठिबकच्या काळ्या नळ्या कुणी झाकल्या नाहीत
आणि हिरो घोड्यावर.
मुबारक तडवी शॉट मोजतोय, बोटं संपली की
बाकावर पेनाने रेघ मारतोय.
तीन मिनिटं चाळीस सेकंद, एकशे एकोणीस कट.
कॅमेरा नवरीकडे कसा बघतो, ते लिहा.
आम्ही लिहिलं: वरून. कमरेशी थांबून.
कृपालीने लिहिलं: नवरी बघते जेवणाच्या टेम्पोकडे.

मग चित्र बंद, आवाज सुरू.
हा रेडिओचा भाग, डोळे मिटा.
मी मिटले,
आणि अंतऱ्याच्या आधी कुणीतरी श्वास घेतला.

मिक्सिंगवाल्याकडून कापायचा राहिलेला
तो अर्धा सेकंद मला ओळखीचा.
डाळ मिलची पाळी संपवून मेहरूणचा चढ चढून आली
की हिरकन फुई दारात हाच श्वास घेते,
आणि मग म्हणते, पानी दे व माय.

अमळनेरला कुठल्याशा गाळ्यात
भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेल्या खोलीत
ती एकदा गाऊन आली होती. सातशे रुपये मिळाले,
त्यातले शंभर रिक्षात गेले.
आम्हाला वाटलं, कानबाईची गाणी असतील.

मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: माय.
ध्रुवपदात सात वेळा येतो हा शब्द.
नवरी सात वेळा आईला हाक मारते.
विरह. मातृप्रतिमा. सासरची धास्ती.
खडू बाणाला बाण जोडत गेला.
सगळ्यांनी उतरवून घेतले,
मीही घेतले, सवयीने.

तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र.
क्लोजअप. नाशिकहून आणलेली मुलगी.
तिची जीभ वर वळते, टाळूला लागते,
आणि कानावर येतो य.
पुन्हा वळते. पुन्हा य.

मी हात वर केला.
मॅडम, ती माळ म्हणतेय.
ओठ म्हणतात माळ आणि गळा म्हणतो माय.
आमच्या बोलीत ळ नसतो,
केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया.
आई कुठेच नाही या गाण्यात.
ती हार मागतेय. झेंडूचा असेल.

आधी मुबारक हसला, मग सगळा वर्ग.
मॅडम खडू हातात धरून उभ्याच.
मग हळू म्हणाल्या, म्हणजे या दोघीजणी आहेत.
बाण त्यांनी पुसले नाहीत.
बाजूला एक ळ काढला आणि त्याला गोल केला.

शेवटी नावं.
गीत, संगीत, नृत्य, छाया, मेकअप, ड्रोन.
आभारात घोड्याच्या मालकाचं नाव, पत्त्यासकट.
आमच्या तक्त्यात एक रकाना: गायिका.
मला ठाऊक होतं. मी बोलले नाही.
घरी विचारल्याशिवाय कसं बोलणार?

रात्री मोबाइलवर फुईला दाखवलं.
तिने चष्मा शोधला, पूर्ण बघितलं, म्हणाली,
हाऊ घोडा ते पारोळाना शे.
फुई, तुझं नाव नाही यात.
नाव काय गावानं शे?
आणि पुन्हा लाव म्हणाली.

या वेळी तिने फोन कानाशी धरला,
जुना ट्रान्झिस्टर धरावा तसा, पडदा गालाकडे.
खोलीत लाइट गेलेली होती.
नाशिकची मुलगी फुईच्या गालावर
निळी, लाल, मध्येच पिवळी होत नाचत राहिली,
आणि अंतऱ्याच्या आधी
दोन श्वास आले, एक फोनमधून.

असाइनमेंट सोमवारी द्यायची आहे.
त्या रकान्यात पेन्सिलने नाव लिहिलंय.
हिरकण की हिरकन,
ते अजून खोडतेय.